आधी छाती उघडा, मग पंप आणा

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक निवेदन फिरत आलं. ‘ठाणे आणि नवी मुंबईतल्या प्रत्येक मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयात एक्मो मशीन बसवा.’ खाली नाव, फ्लॅट नंबर आणि सहीचे रकाने. सेक्रेटरी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “अहो, तुम्ही तर याच लाइनमधले. पहिली सही तुमची पाहिजे.” वाचून सांगतो म्हटलं. वाचलं, आणि सही केली नाही. आता ते लिफ्टमध्ये माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. त्यांना जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं हे नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

मी परफ्युजनिस्ट आहे. हृदयाचं ऑपरेशन चालू असताना हृदय आणि फुफ्फुसांचं काम जे मशीन करतं ते चालवणारा माणूस. थिएटरात आम्हाला अजूनही ‘पंपवाले’च म्हणतात आणि मला ते आवडतं. ‘पंपावर घ्या’ म्हटलं की घ्यायचं, ‘पंप ऑफ’ म्हटलं की थांबवायचं, आणि मधल्या वेळात मान वळवायची नाही. एक्मो हे त्याच पंपाचं धाकटं भावंड. मांडीच्या किंवा मानेच्या मोठ्या शिरेतून काळपट रक्त ओढायचं, ऑक्सिजनेटरमधून फिरवून लाल करायचं, आणि धमनीत परत सोडायचं. मिनिटाला चार-साडेचार लिटर. हृदय बंद पडलं तरी माणूस काही दिवस चालू राहतो. आपल्याकडे हा शब्द घराघरात पोचला तो डिसेंबर २०१६ मध्ये, जयललितांच्या शेवटच्या दिवसांत, मग कोविडमध्ये. तेव्हापासून लोकांच्या मनात एक्मो म्हणजे यमाच्या दारातली शेवटची कडी. ती कडी आपल्या गावातही असावी, असं वाटण्यात चूक काहीच नाही.

पण निवेदनात कारण दिलं होतं ते अपघातांचं. घोडबंदर रोड, ठाणे-बेलापूर रोड, उरणकडचे ट्रेलर, एमआयडीसीतले अपघात, चाकूहल्ले. ‘हृदयाला मार लागलेल्या रुग्णाला मशीनअभावी मुंबईला न्यावं लागतं आणि तो वाटेत दगावतो.’ इथेच माझी सही अडली. तो वाटेत दगावतो हे शंभर टक्के खरं. मशीनअभावी, हे बहुतेक वेळा खरं नाही.

काही वर्षांपूर्वीची रात्र सांगतो. रबाळ्याच्या एका कारखान्यात ग्राइंडरची डिस्क फुटली आणि तिचा तुकडा एका पोराच्या छातीत, उरोस्थीच्या जरा डावीकडे घुसला. पोरगा पंचविशीतला. कंपनीच्या टेम्पोतून उतरून तो छातीवर हात दाबून कॅज्युअल्टीत स्वतःच्या पायांनी चालत गेला. ते कोणतं रुग्णालय हे सांगत नाही. तशी दहा आहेत. ब्लडप्रेशर ऐंशी, गळ्याच्या शिरा दोरासारख्या फुगलेल्या, हृदयाचे ठोके लांबून आल्यासारखे. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला शंका आली होती, हे मला त्याने नंतर स्वतः सांगितलं. पण सोनोग्राफीची खोली संध्याकाळनंतर बंद. छाती उघडायचा सेट ऑपरेशन थिएटरच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे, आणि सिस्टर ड्युटी संपवून घरी गेलेल्या. मग त्याने तेच केलं जे त्याच्या आधीच्या सगळ्यांनी केलं होतं. दोन सलाइन लावली, ऑक्सिजन लावला, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाला, “मुंबईला हलवा.”

आमच्या दारात तो आला तेव्हा अपघाताला एक तास पन्नास मिनिटं झाली होती. ऐरोलीच्या पुलापर्यंत तो बोलत होता. मुलुंडच्या पुढे बोलणं बंद झालं. आम्हाला फोन आधीच आला होता, त्यामुळे माझं सर्किट भरून तयार होतं. नळ्यांतला शेवटचा बुडबुडा घालवायला ऑक्सिजनेटरला तळहाताने थापट्या मारतात, त्या मारत मी उभा होतो. ट्रॉली आत आली तेव्हा एक जण त्याच्या छातीवर दाब देत होता. दोन सर्जन एकाच वेळी कामाला लागले, एक मांडीशी आणि एक छातीशी. मांडीतल्या नळ्या आधी बसल्या. मी पंप चालू केला आणि नळ्या थरथरायला लागल्या.

ही थरथर ज्याने पाहिली आहे तो विसरत नाही. पंप ओढतोय पण ओढायला रक्त येत नाही, तेव्हा शिरेच्या भिंती नळीच्या तोंडाला चिकटतात आणि नळी जिवंत सापासारखी हलते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आमच्या आकड्यावर जेमतेम एक लिटर. मग वरच्या सर्जनने हृदयाभोवतीची पिशवी कापली, आतून पंजाएवढी गुठळी बाहेर काढली, आणि माझ्या नळ्या शांत झाल्या. आकडा सरसर चारावर गेला. उजव्या जवनिकेला, म्हणजे हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला, पेन्सिलीच्या जाडीचं भोक होतं. त्याला दोन टाके पडले. मी घड्याळाकडे बघितलं होतं म्हणून सांगतो, तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

हृदय सुरू झालं. मेंदू झाला नाही. माझं मशीन पुढे दोन दिवस उत्तम चाललं. एक अलार्म नाही, एक गुठळी नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या मोठ्या भावाने विचारलं, “साहेब, मशीन तर चालू आहे ना?”

झालं होतं काय ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळा वाद त्यावरच आहे. हृदय एका चिवट पिशवीत असतं. ती पटकन ताणत नाही. हृदयाला भोक पडलं आणि दीडशे-दोनशे मिलिलिटर रक्त त्या पिशवीत भरकन साचलं, म्हणजे चहाचा एक मोठा कप, की हृदयाला फुलायला जागाच उरत नाही. माणूस रक्त वाहून मरत नाही, हृदय आवळलं जाऊन मरतो. यात एक उपकारही आहे. तीच पिशवी रक्ताला बाहेर वाहू देत नाही, म्हणून काही मिनिटांची, कधी तासाभराची उसंत मिळते. कॅज्युअल्टीत चालत येणारे असे रुग्ण त्या उसंतीवर चालत असतात. सुईने ते रक्त काढू म्हणाल तर बहुतेक वेळा ते गोठलेलं असतं आणि सुईत येत नाही. पिशवी कापावीच लागते.

हे कापणं काही नवीन शास्त्र नाही. १८९६ च्या सप्टेंबरात फ्रँकफुर्टमध्ये लुडविग रेन या सर्जनने छातीत सुरा खाल्लेल्या एका तरुणाच्या उजव्या जवनिकेला रेशमाचे तीन टाके घातले आणि तो जगला. जॉन गिबनने फिलाडेल्फियात हृदय-फुफ्फुस मशीन पहिल्यांदा यशस्वीपणे वापरलं ते ६ मे १९५३ ला. म्हणजे टाके आधी आले आणि पंप सत्तावन्न वर्षांनी आला. आजही भोसकल्याच्या बहुतेक जखमा पंपाशिवायच शिवल्या जातात. लंडनमध्ये तर हेलिकॉप्टरने जाणाऱ्या डॉक्टरांनी, ज्यांतले बहुतेक सर्जन नव्हते, रस्त्यावर नाहीतर घराच्या फरशीवर, हृदय थांबलेल्या रुग्णांच्या छात्या उघडल्या. पंधरा वर्षांतल्या अशा ७१ जणांपैकी १३ जगले, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. शंभरातले अठरा. कुणाला कमी वाटेल. पण हे सगळे तिथेच मेलेले धरले जाणारे लोक होते, आणि हत्यारं म्हणाल तर सुरी, भक्कम कात्री आणि हाडं कापायची तार.

मग मी माझ्याच मशीनच्या विरोधात आहे का? मुळीच नाही. त्यावर माझं घर चाललंय.

गंमत अशी, की मोठ्या माणसात एक्मो पहिल्यांदा यशस्वी झालं ते अपघाताच्याच रुग्णात. १९७१ साल, कॅलिफोर्नियातलं सांता बार्बरा, मोटारसायकलवरून पडलेला २४ वर्षांचा तरुण. त्याची महाधमनी फाटली होती. ती शिवल्यावर फुफ्फुसं बसली, तेव्हा त्याला ७५ तास मशीनवर ठेवलं आणि तो वाचला. क्रम बघा. आधी फाटलं ते शिवलं, मग मशीन. स्टीअरिंग छातीवर आदळून हृदयाचा स्नायू नुसता ठेचला गेला, आतली झडप फाटली, कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडलं, किंवा टाके घातल्यावर हृदय दमून गेलं, तर पंपाला पर्याय नाही. बलून पंप, म्हणजे महाधमनीत फुगा फुगवून हृदयाला हातभार लावणारं साधन, अशा वेळी पुरा पडत नाही, आणि महाधमनीला इजा असेल तर तो घालायचाच नाही. पूर्वी अडचण हेपॅरिनची होती. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून ते द्यायचं, आणि इकडे अपघाताचा रुग्ण आधीच सगळीकडून वाहतोय. आता आतून लेप दिलेल्या नळ्या मिळतात, प्रवाह जोराचा ठेवला तर पहिले काही तास, कधी त्याहून जास्त, हेपॅरिनशिवाय निभावतं. म्हणून ‘अपघातात एक्मो चालत नाही’ हे जुनं वाक्य मीही आता बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की ठाणे-नवी मुंबईच्या पैशाने आधी काय घ्यायचं याचा क्रम निवेदनात उलटा आहे.

प्रत्येक रुग्णालयात एक मशीन म्हणजे काय, ते आतून सांगतो. मशीन येतं. हार, नारळ, फ्लेक्स, फोटो. कंपनीचा माणूस दोन दिवस शिकवून जातो. मग ते आयसीयूच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या कव्हरखाली उभं राहतं, कारण ते चोवीस तास बघायला परफ्युजनिस्टची पदंच मंजूर नसतात. एका रुग्णामागे तीन पाळ्या, शिवाय सुट्ट्या. वीज आणि बॅटरी दोन्ही गेली तर पंप हाताने फिरवायचा एक दांडा मशीनला असतो. तो कुठे लावायचा हे अंधारात हाताला ठाऊक लागतं, आणि हाताला ते वर्षातून एखादी केस करून ठाऊक होत नाही. वर्षाला वीस-तीस रुग्णसुद्धा न करणाऱ्या जागी हात साफ राहत नाही, हे माझ्या धंद्यातलं कुणीही सांगेल. सहा ठिकाणी सहा मशीन म्हणजे सहा ठिकाणी नवशिके.

त्यापेक्षा अख्ख्या पट्ट्याला मिळून एकच टोळी हवी. एक सर्जन, एक भूलतज्ज्ञ, एक परफ्युजनिस्ट, दोन सिस्टर, आणि त्यांच्यासाठी एक गाडी. फोन आला की रुग्णाने मशीनकडे न जाता मशीनने रुग्णाकडे जायचं, तिथेच नळ्या घालायच्या आणि मग चालत्या पंपावर त्याला मोठ्या ठिकाणी आणायचं. जगात हे होतं, आपल्या देशातल्या मोठ्या शहरांतही काही खासगी पथकं हे करतात. ठाण्यात सिव्हिलच्या जुन्या जागेवर ९०० खाटांचं सुपर स्पेशालिटी रुग्णालय उभारलं जातंय. टोळीचं घर तिथे असायला हरकत नाही. आणि ती रिकामी बसेल अशी भीती नको. पावसाळ्यात लेप्टोने फुफ्फुसात रक्त येणारे रुग्ण, स्वाइन फ्लू, तरुणांच्या हृदयाच्या स्नायूचा दाह, शहापूर-मुरबाडकडून येणारे धान्यातल्या गोळ्यांच्या विषबाधेचे रुग्ण, एवढ्यांना मशीन लागतं. हृदयाला मार लागलेला रुग्ण या रांगेत क्वचित येईल. पण ज्या दिवशी येईल त्या दिवशी टोळीचा हात चालता असेल.

टोळीची गाडी पोचायला मात्र अर्धा-पाऊण तास लागणार. घोडबंदरला शुक्रवारी संध्याकाळी किती लागेल यावर मी बोलत नाही. आणि पिशवीत रक्त भरलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो. अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जनांनी घालून घेतलेली मर्यादा अशी: भोसकलेल्या रुग्णाचं हृदय थांबून पंधरा मिनिटांहून जास्त झाली, किंवा मुक्या मारात दहांहून जास्त, तर छाती उघडण्यात सहसा अर्थ उरत नाही. आपण त्याला तेवढ्या वेळात वाशीहून सायनला नेत नाही, मानखुर्दच्या सिग्नललाच पोचतो. म्हणून जी काही गोष्ट करायची ती तो पहिल्यांदा जिथे उतरला तिथेच करायला हवी. कळव्याला, वाशीला, नेरुळला, ऐरोलीला. कळव्याला तर मेडिकल कॉलेज आहे, रात्री सर्जरीचे रेसिडेंट जागे असतात. त्यांना हे शिकवायला एक्मोच्या एका मशीनची किंमत लागत नाही.

शिकवायचं काय? सोनोग्राफीचा प्रोब छातीच्या हाडाखाली ठेवून हृदयाभोवती काळी कडा, म्हणजे साचलेलं रक्त, दिसते का ते बघणं. चहा गार व्हायच्या आत होतं. पण इथे एक आपलीच खास अडचण आहे, जी त्या रात्रीच्या डॉक्टरलाही नडली. १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन नोंदलेलं, ते वापरणारा नोंदलेला, आणि इकडचं मशीन तिकडे न्यायचं म्हणजे कागदांचा डोंगर. कायदा हवाच. महाराष्ट्रात मुलींचं काय होत होतं ते विसरून चालणार नाही. पण त्या धाकाने कॅज्युअल्टीत मशीन ठेवायलाच कुणी धजावत नाही, आणि संध्याकाळी रेडिओलॉजिस्ट गेले की खोलीला टाळं. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांना रीतसर प्रशिक्षण देऊन, त्यांची नावं नोंदवून, एक मशीन तिथेच कायमचं नोंदवणं कायद्यात बसवता येतं. त्यासाठी कुणीतरी फाइल हलवली पाहिजे. फाइल हलवण्याचा फोटो येत नाही, एवढाच तिचा दोष.

दुसरं, रक्त. ओ निगेटिव्हच्या चार पिशव्या कॅज्युअल्टीजवळच्या फ्रिजमध्ये, नातेवाइकांनी डोनर आणायची वाट न बघता. हे रक्त हृदयाच्या रुग्णाला वर्षातून तीनदा लागेल, पण बाळंतपणात रक्त जाणाऱ्या बाईला दर आठवड्याला लागेल. माझ्या यादीतली बहुतेक प्रत्येक गोष्ट अशी दुसऱ्या कुणाच्यातरी कामाची आहे. एक्मोच्या सहाव्या मशीनबद्दल तसं म्हणता येत नाही.

डॉक्टर मित्र इथे मला अडवतात. “तू पंपवाला, तुला काय जातं बोलायला? कॅज्युअल्टीत बावीस-पंचवीस वर्षांच्या पोराने छाती उघडली आणि रुग्ण गेला, तर बाहेरचे शंभर लोक त्याला सोडतील?” प्रश्न खोटा नाही. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे आणि तरी दर काही महिन्यांनी बातमी असतेच. चिठ्ठी लिहिणाऱ्याला कुणी मारत नाही. ‘हलवा’ या एका शब्दात डॉक्टर सुटतो, रुग्णालय सुटतं, मेला तर तो मुलुंडच्या पुढे मेला. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं, की जखमीला आधी वाचवा, बाकी सोपस्कार नंतर. पण या जखमेत ‘प्राथमिक उपचार’ म्हणजेच छाती उघडणं, हे कुठल्याही पत्रकात लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. महापालिकेने ते लिहून द्यावं. अमुक लक्षणं, अमुक सोनोग्राफी, सर्जन इतक्या मिनिटांत येऊ शकत नाही, तर हजर डॉक्टरने उघडावं आणि जबाबदारी संस्थेची. त्या एका कागदाने त्या पोराच्या डॉक्टरचा हात सुटला असता. तो अजूनही मला भेटला की तीच गोष्ट काढतो.

रुग्णवाहिकेचंही तसंच. १०८ सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली, त्यातल्या २३३ च प्रगत जीवरक्षक. बाकीच्यांकडून अशा रुग्णात फार अपेक्षा करता येत नाही. खासगी गाड्यांवर ‘कार्डिअ‍ॅक’ असं लाल अक्षरांत लिहिलेलं असतं आणि आत बघावं तर एक सिलिंडर नि स्ट्रेचर. पैशाचं थोडक्यात: केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला सात दिवसांत दीड लाखापर्यंत उपचार देते. चांगली आहे. पण एक्मोच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटरचा संच उघडला की त्यातला मोठा भाग तिथेच संपतो, आणि ग्राइंडरच्या तुकड्याला किंवा चाकूला ती लागूच नाही. टोळी उभी करायची तर तिचा खर्च माणशी बिलावर न टाकता अग्निशमन दलासारखा कायमचा अर्थसंकल्पात धरावा लागेल. बंबवाल्यांना आपण आगीगणिक पैसे देत नाही.

सेक्रेटरींना मी निवेदनाचा बदललेला मसुदा पाठवलाय. ‘प्रत्येक रुग्णालयात एक्मो’ हे खोडून ‘पट्ट्याला एक फिरतं एक्मो पथक’ असं केलंय, आणि त्याच्या वर चार ओळी घातल्यात: कॅज्युअल्टीत नोंदवलेली सोनोग्राफी, हाताशी रक्त, डॉक्टरांना प्रशिक्षण आणि लेखी संरक्षण, आणि छाती उघडायचा सेट कॅज्युअल्टीतच, भिंतीवर, सीलबंद पेटीत. त्याखाली सही करायला मी तयार आहे. त्यांनी वाचून विचारलं, “सेट भिंतीवर म्हणजे? चोरीला नाही जाणार?” गेला तर दुसरा घेऊ, म्हटलं. कुलूप मात्र लावू नका.